अकरा पाचरी : चोकनटचा संच, चौदा महिने वापरून

आधीच सांगतो, चोकनट, म्हणजे कातळ चढताना रोप अडकवण्यासाठी भेगेत बसवायचा धातूचा तुकडा, धुळ्यात मिळत नाही. आग्रा रोडवरच्या हार्डवेअरवाल्याकडे चोकनट मागितला तर तो 'किती एमएमचा देऊ?' असंच विचारणार, आणि त्यात त्याची चूक नाही. या वस्तूची सुरुवात खरोखरच हार्डवेअरच्या नटापासून झाली. वेल्समध्ये स्नोडनच्या डोंगरावर एक छोटी रेल्वे चढते. १९५० च्या दशकात तिथली चढाई करणारी पोरं रुळाच्या कडेने कड्याकडे चालत जाताना पडलेले नट उचलायची, आतले आटे घासून काढायची, दोरीचा तुकडा ओवायची आणि तो नट कातळाच्या भेगेत अडकवायची. आटे घासायचे ते दोरी कापली जाऊ नये म्हणून. त्याआधी याच कामाला खिशात गोटे घेऊन जात. १९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्ड यांनी खास चढाईसाठी म्हणून नट बनवला आणि तिथून ही जात वेगळी झाली.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांना चोकनट म्हणजे सरळ पाचर. कुऱ्हाडीचा दांडा नेढ्यात ढिला झाला की आपण लाकडाची पाचर ठोकतो ना, तीच. फक्त ही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि पोलादी तारेच्या फासाला जोडलेली. वर रुंद, खाली निमुळती. भेग जिथे खाली अरुंद होत जाते तिथे आत सरकवायची, खाली हिसका देऊन बसवायची, तारेत कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, आणि कॅराबिनरमध्ये रोप. पडलात तर पाचर आणखी घट्ट बसते. निदान कागदावर तरी.

गेल्या वर्षी दसऱ्याला ऑनलाइन मागवला. एक ते अकरा नंबरचे नट आणि अडकलेला नट उचकायची पट्टी, मिळून साडेअकरा हजार. बायकोने डबा उघडून बघितला आणि म्हणाली, 'एवढे पैसे चाव्यांना?' लांबून खरंच चाव्यांचा जुडगा वाटतो. त्या जुडग्यात पाच नंबर दोन निघाले आणि आठ नंबर नव्हताच. विकणाऱ्याला फोटो पाठवले. तीन आठवडे 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हे एकच वाक्य येत राहिलं, मग एक दिवस आठ नंबर आला. जादाचा पाच नंबर त्यांनी परत मागितला नाही, मीही आठवण करून दिली नाही. त्या पाच नंबरची गोष्ट पुढे येईल. दुकानाचं नाव लिहीत नाही आणि कंपनीचंही नाही; चांगल्या चार कंपन्यांचे नट शेजारी ठेवले तर रंगापलीकडे फरक सांगणं मलाही जड जाईल. घेताना बघायचं ते एवढंच की प्रत्येक नटावर सीई किंवा यूआयएए या सुरक्षा-प्रमाणनाची खूण आणि किलोन्यूटनचा आकडा कोरलेला आहे ना. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोंचा भार. माझ्या संचातल्या सगळ्यात लहान नटावर २ लिहिलंय, मोठ्यांवर १०. पंचाहत्तर किलोंचा माणूस नुसता लटकला तर एक किलोन्यूटनसुद्धा होत नाही, पण तोच माणूस दोन-तीन मीटर पडून थांबला की त्याच नटावर कितीतरी पट हिसका बसतो. म्हणून एक नंबर मी पडण्यासाठी लावत नाही, मनाच्या समाधानासाठी लावतो.

कारागिरीबद्दल बोलायचं तर माझ्याकडून पैकीच्या पैकी. कडा मऊ घासलेल्या, तार जिथे दाबून जोडलीय तिथे एकही केस बाहेर नाही. माझ्या पोरांना वर्षभर फायलिंग शिकवूनही अशी कड येत नाही. रंग मात्र लवकर जातो. पहिल्या पावसाळ्याआधीच माझा लाल नट आणि नारिंगी नट एकसारखे दिसायला लागले होते. आपल्याकडच्या बेसाल्टची धार अशी आहे की रंग काय, बोटांची सालंही निघतात. आणि एक खान्देशी सूचना, जी कुठल्याच कंपनीच्या पत्रकात नसेल: एप्रिल-मेमध्ये हा जुडगा उन्हात कंबरेला लावून उभे राहू नका. पारा ४३ वर गेला की अॅल्युमिनियम हातात धरवत नाही. मी एकदा तव्यावरची भाकरी उलटावी तसा नट दोन बोटांनी फेकत फेकत लावला. आपला हंगाम कार्तिक ते माघ, आणि तोही सकाळी दहाच्या आत.

आता ज्यांना हे सगळं कशासाठी असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी. चढाईत पुढे जाणारा, म्हणजे लीड करणारा, स्वतःबरोबर रोप वर नेतो. पडला तर त्याला वरून धरणारं कुणी नसतं. वाटेत रोप कशाकशात अडकवलाय त्यावर सगळं. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कातळात आधीच बोल्ट मारलेले असतात, तुम्ही जाता जाता क्विकड्रॉ, म्हणजे दोन टोकांना कॅराबिनर असलेला आखूड पट्टा, लावायचा, बस. ट्रॅडमध्ये काहीच मारलेलं नसतं. भेग तुम्ही शोधायची, पाचर तुम्ही निवडायची, बसवायची तुम्ही, आणि तुमच्या मागून येणारा सेकंड ती काढून घेऊन येतो. कातळ जसा होता तसा राहतो. आमच्या किल्ल्यांच्या कातळात मेख ठोकणं मला कधीच पटलं नाही, त्यामुळे लळिंग असो की भामेर, तिथे माझ्यापुरता हा प्रश्न सुटलेला आहे.

मी शिकलो १९९८ मध्ये, हातोडी आणि मेखांवर. मेखेची एक गंमत असते, ती बोलते. ठोकताना प्रत्येक घावाला आवाज चढत जातो, टण्, टण्ण्, टिण्ण्. आवाज चढला म्हणजे बसली. मध्येच आवाज बसका झाला की समजायचं मागे पोकळ आहे. नट मुका असतो. तुम्ही हिसका देता, तो बसल्यासारखा दिसतो, तुम्ही स्वतःला 'चांगला आहे' म्हणता आणि पुढे जाता. त्या 'चांगला आहे'मध्ये किती अनुभव, किती घाई आणि किती ताठा असतो, ते नटावर कोरलेल्या आकड्यात येत नाही. १० किलोन्यूटन हा धातूचा आकडा आहे. माझ्या हाताचा आकडा कुठे लिहिलेला नाही.

माझा रोपवरचा जोडीदार म्हणजे माझा भाचा. पुण्यात इंजिनियरिंगला आहे, चढाई तिथल्या कृत्रिम भिंतीवर शिकला. त्याच्यासाठी चढाई म्हणजे टोकियो ऑलिम्पिकमध्ये आलेला खेळ. ७ए, म्हणजे चांगल्या अवघड ग्रेडचे मार्ग, करतो. एकाच चालीवर संध्याकाळभर वीस वेळा पडतो आणि हसत परत लटकतो. माझी बावीस-तेवीस वर्षांची शेखी एकच होती की लीडवर मी कधी पडलो नाही. एकदा जेवताना हे त्याला ऐकवलं. कळण्याची भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, 'मामा, म्हणजे तुम्हाला जे जमतं तेवढंच तुम्ही चढलात.' ताईने त्याला 'मोठ्यांशी असं बोलतात का' म्हणून दटावलं, पण ठेच्यापेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं. मी त्याला ब्रिटिशांची ग्रेड समजावली. ते ट्रॅडच्या मार्गाला दोन आकडे देतात, एक एकंदर गांभीर्याचा आणि दुसरा सगळ्यात अवघड चालीचा. सोपी चाल असलेला मार्गही पहिल्या आकड्यात भीषण असू शकतो. 'मी पहिल्या आकड्याचा माणूस,' म्हणालो. तो म्हणाला, 'बरं मामा.' हे 'बरं' कसलं असतं ते ज्यांच्या घरात वीस वर्षांचं पोर आहे त्यांना माहीत आहे.

तर या संचाची खरी परीक्षा साक्री तालुक्यात झाली. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात डाइकांचं जाळंच आहे. लाव्हारस जमिनीच्या उभ्या भेगेत शिरून गोठला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि आतला हा काळा कठीण गाभा उघडा पडला. शेतांमधून मैलोन् मैल बांध घातल्यासारख्या या भिंती पळताना दिसतात. उभ्या भेगेत थंड झाल्यामुळे दगडाचे खांब आडवे असतात, सरपणाची थप्पी बाजूने बघावी तसे. प्रत्येक ओंडक्याभोवती फट. नटासाठी ही मेजवानीच. पण थप्पीतलं एखादं लाकूड ढिलं असतं तसा इथेही एखादा ठोकळा स्वतःच हलतो, आणि मग नट कितीही सुंदर बसो. पाचरीचा उतार जितका कमी तितका ती दोन्ही बाजूंना जोराने ढकलते, हे मी पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवतो. खाली एक हिसका बसला की बाजूला त्याच्या कितीतरी पट जोर जातो आणि ठोकळा फळी उचकावी तसा बाहेर येऊ शकतो. म्हणून आधी मुठीने ठोकून बघायचं. मडकं विकत घेताना वाजवतो तसं.

मी लीडवर, भाचा खाली बिलेला, म्हणजे माझा रोप धरून. जेमतेम बारा मीटरची भिंत. वर जाईपर्यंत पाच नट लावले. तिसऱ्या ठिकाणी सहा नंबर असा बसला की मी वरून ओरडलो, 'याला म्हैस टांगली तरी निघणार नाही!' त्याच्या वर एक तीन नंबर लावला. तो नीट बसल्यासारखा वाटेना, एकच कड टेकलेली दिसत होती. 'हा नावालाच आहे, याच्यावर पडत नाही,' असं जाहीर करून पुढे गेलो. माथ्यावर अँकर केला, म्हणजे स्वतःला पक्कं बांधून घेतलं, आणि त्याला ये म्हणालो.

तो सहा नंबरपाशी आला. हिसका नाही, पट्टी नाही, काही आवाजच नाही. मग खालून, 'मामा, हाई ते हातमाज ई गयं!'

शुद्ध मराठीत सांगायचं तर, हा आपसूकच हातात आला. वर सरकताना माझ्या रोपाने तो नट आतल्या आत फिरवला होता. तारेला लांब पट्टा लावून रोपाची ओढ तोडायला हवी होती. पट्टे कंबरेला होते. म्हैस टांगायच्या उत्साहात लावायचा राहिला.

आणि तीन नंबर? तो निघेना. पट्टीने खालून ठोसले, दगडाने पट्टीवर ठोकलं, तार डावी-उजवीकडे ओढली. पाऊण तास भाचा तिथे लटकून होता, मी वरून सल्ले देत होतो आणि खाली मेंढ्या घेऊन आलेले एक ठेलारी आजोबा बिडी ओढत बघत होते. शेवटी तेच म्हणाले, ऱ्हाऊ द्या आता. तो नट राहिला. ज्याच्यावर म्हैस टांगणार होतो तो फुंकरीने निघाला आणि ज्याला नावालाच म्हणालो तो आमच्या मागे राहिला. संचात आता दहा उरले असते, पण जादाचा पाच नंबर होता म्हणून अकराच्या अकरा. विकणाऱ्याचे त्या दिवशी मी मनातल्या मनात आभार मानले.

या वस्तूचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. बोल्टवर लीड करणारा पडला की त्याची परीक्षा तिथेच, सगळ्यांसमोर होते. ट्रॅडवाला न पडता माथ्यावर पोचला की तो स्वतःलाच शाबासकी देतो आणि त्याच्या कामाचा खरा निकाल फक्त सेकंडला कळतो. सेकंड तोंडाने गोड असेल तर तुम्ही वीस वर्षं गैरसमजात राहू शकता. माझे आधीचे सेकंड सगळे गोड होते. काही माझे विद्यार्थीच होते, ते 'सर, हातात आला' कशाला म्हणतील?

मग आम्ही दोन रविवार वर चढलोच नाही. कंबरेइतक्या उंचीवर नट लावायचा, लावणाऱ्याने आधी तोंडाने सांगायचं, धरेल की नाही, मग पट्टा लावून त्यात पाय घालून जोर द्यायचा, उडी मारायची. वहीत दोन रकाने, 'म्हटलं' आणि 'झालं'. पहिल्या रविवारी मी तीस लावले. 'धरेल' म्हटलेले पाच निघाले, एक थेट नडगीवर. भाच्याचे जास्त निघाले, पण त्याने बहुतेकांना आधीच 'नाही धरणार' म्हटलेलं होतं. रकाने जुळवले तर त्याची वही माझ्यापेक्षा खरी. गणितात मार खाल्ल्यासारखं वाटलं. पण नवीन माणसाने हा संच घेतला तर पहिला महिना त्याने नेमकं हेच करावं, जमिनीवर. डोक्यावर हेल्मेट घालून. नट सुटला की थेट तोंडावर येतो.

फेडाफेड म्हणून डिसेंबरात मी पुण्याला त्याच्या भिंतीवर गेलो. तिथे ६ए नावाचा, माझ्या अंदाजाने किरकोळ मार्ग होता. शेजारच्या मार्गावरून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दोन वेण्या उडवत माझ्या पुढे निघून गेली. सातव्या बोल्टच्या वर माझे हात इतके फुगले की मूठ वळेना, आणि तरी मी सोडेना. भाचा खालून म्हणत होता, 'सोडा मामा, पडा!' मी होल्डला चिकटून, पाय शिलाई मशीनसारखे थरथरताहेत. शेवटी पडलो नाही, हात आपोआप सुटले. दीड मीटर. रोप ताणला गेला आणि मी पाळण्यात असल्यासारखा झुललो. सगळं बोल्टवर, नव्या रोपवर, गादीच्या वर, आणि छातीत मात्र अस्तंब्याच्या यात्रेतला ढोल वाजत होता.

तिथे माझा एक समज गेला. स्पोर्टवाल्यांना भीती नसते असं मी धरून चाललो होतो. त्यांनी जोखमीतला एक भाग मुद्दाम बाजूला ठेवलाय, म्हणजे बाकीच्या भागाशी, शरीराशी, चालीशी, पूर्ण ताकदीने झुंजता येतं. त्यांच्या इगोला लपायला जागा नाही, रोज वीस वेळा आपटतो. माझ्या इगोला जागाच जागा. आज भेग ओली आहे, आज वारा आहे, आज मन नाही. आणि हे सगळं खरंही असू शकतं, तीच तर पंचाईत. उलट भाच्याला मी नटावर लीड दिला तेव्हा ७ए करणारा हा पोरगा शिडीसारख्या सोप्या भेगेवर चार मीटरवर थिजला. दर हातभर अंतरावर नट लावत गेला आणि निम्म्यात नट संपले. त्याचे हात भरपूर पुरले असते. डोळे पुरले नाहीत.

बोल्ट म्हणजे बिनधोक असंही नाही, हे फिटर म्हणून सांगतोच. मनमाडजवळ हडबीची शेंडी आहे, रेल्वेने भुसावळला जाताना अंगठा वर केल्यासारखा दिसतो तो सुळका. खान्देशच्या उंबरठ्यावरची आमची पंढरी. तिथे जुने बोल्ट आहेत. सह्याद्रीतल्या कुठल्याही जुन्या बोल्टशी गाठ पडली की माझा पहिला प्रश्न असतो, हा कुणी मारला, कधी, किती पावसाळे खाल्ले? बाहेरचं डोकं चकचकीत आणि आत भोकात गंज, असं असू शकतं. नट मी स्वतः लावलेला, त्याची दोन्ही अंगं मला दिसतात. बोल्टवर तुम्ही एका अनोळखी माणसाच्या ड्रिलवर जीव टांगता. आणि बोल्ट मारण्याचाही इगो असतोच. १९७० मध्ये चेझरे माएस्त्री हा इटालियन गिर्यारोहक पॅटागोनियातल्या सेरो तोरेवर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेऊन गेला आणि शेकड्यांनी बोल्ट मारत वर चढला. ते यंत्र कड्यावरच टांगून ठेवून आला. २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यातले शंभराहून जास्त बोल्ट उपटून काढले, त्यावरही जगभर भांडणं. मारणाऱ्याचा ताठा मोठा की उपटणाऱ्यांचा, यावर आम्ही मामा-भाचे धुळे ते साक्री भांडलो आणि वळण चुकलो.

फेब्रुवारीत मी पडलो. लीडवर, नटावर, आयुष्यात पहिल्यांदा. कारण सांगायला लाज वाटते म्हणूनच सांगतो. कॉलेजची दोन पोरं मोटारसायकल लावून खाली मोबाइलवर शूटिंग करत होती. चार मीटरवर माझा सात नंबर होता, पट्टा लावून, व्यवस्थित. त्याच्या वर हाताशी आणखी एक मस्त भेग होती. तिथे थांबून नट लावायचा तर मिनिटभर पाय ताणून उभं राहावं लागलं असतं, आणि ते शूटिंगमध्ये चांगलं दिसलं नसतं. मी तसाच पुढे गेलो. डावा पाय गवताच्या कोंबावरून निसटला.

पडताना काहीच वाटत नाही, वेळच नसतो. थांबलो तेव्हा पाय जमिनीपासून हातभर वर होते. भाचा बिलेवर अर्धा मीटर उचलला गेला होता, तोंड पांढरं. नट जरा ढिला असता, किंवा त्याने एक हात जास्त ढील ठेवली असती, तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता आणि त्यात नटाबद्दल काही नसतं. रात्री घरी हिशेब केला. पडलो साधारण तीन मीटर, भाच्यापासून माझ्यापर्यंत बाहेर असलेला रोप साडेपाच मीटर, भागाकार ०.५५. हा फॉल फॅक्टर, पडण्याच्या हिसक्याचं माप. फार नाही. दोनपर्यंत जाऊ शकतो. पण नट सुटला असता तर भागाकाराला अर्थच उरत नव्हता. रोप चढाईचा, ताण घेणारा होता हेही महत्त्वाचं. बाजारातला नायलॉनचा दोर किंवा रॅपलिंगचा ताठ रोप असता तर तोच हिसका नटावर आणि माझ्या कंबरेवर कितीतरी जोराने बसला असता. नट स्वस्तात पडला म्हणून रोपात काटकसर करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

सात नंबर पट्टीच्या दोन ठोशांत निघाला. दोन्ही गालांवर चांदीसारखे दोन ओरखडे, खडकाचा पोत जसाच्या तसा उमटलेला. तार सरळ. पडून झालेला नट पुन्हा वापरायचा का, तर भिंगाखाली बघितला, तारेचा एकही केस तुटलेला नाही, जोड हललेला नाही. वापरतोय. नऊ नंबरची तार मात्र मी स्वतःच खराब केली, निघत नव्हता म्हणून तारेलाच कॅराबिनरने झटके देत बसलो आणि दोन केस तुटले. तो आता घरी, किल्ल्या अडकवायला. बायकोचं म्हणणं शेवटी खरं झालं.

त्या दोन पोरांनी व्हिडिओ पाठवला. बघितला नाही.

उणिवा? समांतर भेगेत हे नट निरुपयोगी. तिथे स्प्रिंगवाले फ्रेंड लागतात, १९७८ मध्ये बाजारात आलेले, आणि एका चांगल्या फ्रेंडच्या किमतीत अर्ध्याहून जास्त संच येतो. माझ्याकडे दोनच आहेत, दोन्ही पुण्याच्या मित्राचे उतरलेले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागतो तिथे तर कुठलाच नट लावू नका, बोटाने माती निघते तिथे पाचर काय धरणार. आणि हा संच एकट्याने घेऊन, व्हिडिओ बघून, डोंगरावर जाणाऱ्याला मी विकतच देणार नाही. मला दुकान नाही हे त्याचं नशीब. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला सातपुड्यातली माणसं रात्री अनवाणी चढतात, त्यांच्यासमोर ग्रेड आणि किलोन्यूटन बोलायला मला संकोच वाटतो. पण ती लहानपणापासून तो डोंगर चढलेली असतात. आपण नसतो. पाचपैकी साडेचार. अर्धा त्या तीन आठवड्यांचा कापला.

गेल्या रविवारी भाचा सुट्टीला आला होता. साक्रीला तीच भिंत, या वेळी लीड त्याचा. माझा तीन नंबर पावसाळा खाऊन अजून तिथेच आहे, तारेवर तांबूस गंज चढलेला. त्याने वरून ओरडून सांगितलं, 'मामा, तुमचा बोल्ट!' आणि त्यात क्विकड्रॉ लावला. मी खालून काही बोलायच्या आत त्याने शेजारच्या भेगेत स्वतः एक पाच नंबर बसवला, पट्टा लावला, हिसका दिला आणि वर गेला.

सेकंड म्हणून मी त्या पाच नंबरपाशी आलो. बोटाने ओढून बघितला. नाही. पट्टीने ठोसलं. नाही. वीस मिनिटं गेली, तरी मी वर काही बोललो नाही. 'कसा आहे मामा?' त्याने विचारलं. 'बरा आहे,' म्हणालो आणि दगड शोधायला लागलो. तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.